पदर उलटा करून पाहा

लग्नसराई आली, की आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या दुकानांत हळदीपासून डोहाळजेवणापर्यंत पैठणीच मागतात. मग पन्नास किलोमीटरवरचा पैठणचा विणकर सुखी असायला हवा. पण ढीग दिसतात ते यंत्रमागाच्या साड्यांचे. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले, माग राखला असे दिसत नाही.

परवा भाचीसाठी साडी घेताना मी पदर उलटा केला. हातमागाच्या पैठणीवरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. इथे मागे सुटे धागे. दुकानदार म्हणाला, “ताई, मागची बाजू कोण बघतं?”

अस्सल पैठणी विणायला महिनोन्‌महिने लागतात. ती किंमत मलाही परवडत नाही. नक्कल खुशाल नेसावी, पण ती पैठणी म्हणून का विकावी? भाचीला अखेर इरकल घेतली.