सूर्य, समुद्र आणि पाच लाख येन

गेली दोन वर्षं माझ्या डेस्कमागे योकोयामा ताइकानच्या समुद्राचं एक प्रिंट आहे. डेडलाइन अंगावर आली की खुर्ची फिरवायची आणि लाटांकडे बघत बसायचं. बॉसचे मेल वाचण्यापेक्षा बरं!

ताइकानची रेशमावरची जुनी चित्रं बघा. ठळक रेषा नाहीतच. रंग ओला असतानाच कोरडा ब्रश फिरवून तो पसरवत न्यायचा. मग पाणी कुठे संपलं आणि धुकं कुठे सुरू झालं, कळतच नाही. (१९०३ मध्ये हा माणूस कोलकात्यात राहून गेलाय. अवनींद्रनाथ टागोरांची वॉशची पद्धत त्याच्याच सहवासातली.)

परवा सहज त्याच्याबद्दल वाचायला घेतलं, आणि मूडच गेला. १९४० मध्ये ताइकानने डोंगराची १० आणि समुद्राची १० चित्रं काढली, विकली आणि आलेले पाच लाख येन लष्कर-नौदलाला देऊन टाकले. विमानांसाठी! त्याच वर्षी फुजी आणि लाल सूर्याचं एक भलंमोठं चित्र थेट सम्राटाला दिलं. म्हणजे तो सूर्य नुसता सकाळचा नव्हता, झेंड्यावरचाही होता.

‘काढून टाक ना मग,’ शेजारची म्हणाली. खुर्चीवर चढले, एक पिन काढली. लाटा मात्र तेवढ्याच सुंदर.

आठवडा झाला. कोपरा लोंबतोय.