टप्प्याटप्प्याने सापडणारा डबा

एखाद्या नव्या खेळाची माहिती सांगू लागले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "बक्षीस काय?" जिओकॅशिंगच्या बाबतीत याचे उत्तर देताना माझी पंचाईत होते. रानावनात हिंडून शेवटी सापडतो तो प्लास्टिकचा एक डबा. त्यात एक वही, एखादी गोटी, किल्लीची साखळी, असला ऐवज. वहीत आपले नाव लिहायचे आणि डबा जिथे होता तिथेच, जसा होता तसाच पुन्हा लपवायचा. एवढे ऐकले की समोरचा माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागतो. तरीही हा खेळ, त्यातही त्याचा अनेक टप्प्यांचा प्रकार, आपल्या कॉलेजात खेळला जावा असे माझे ठाम मत आहे.

लपवलेल्या वस्तूचा शोध ही कल्पना जुनीच. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ साली एका आडजागी बाटली ठेवली. तिथवर पोहोचणाऱ्याने तीत आपले कार्ड टाकावे, एवढाच उद्देश. जिओकॅशिंगचा जन्म मात्र उपग्रहांमुळे झाला. जीपीएसच्या नागरी संकेतांत अमेरिकी सरकार पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला सुमारे शंभर मीटरांचा फरक पडे. मे २००० च्या आरंभी ही भेसळ बंद झाली. लगेच ३ मे रोजी ऑरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर या गृहस्थांनी रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. बादलीत इतर वस्तूंबरोबर शिजवलेल्या घेवड्याचा एक डबाही होता. आज खाद्यपदार्थ ठेवायला सक्त मनाई आहे, कारण वास आला की जनावरे डबा फोडतात. म्हणजे खेळाच्या जनकाची बादली आजच्या नियमांत बसली नसती!

टप्प्यांचा प्रकार असा. जाहीर होतात ते फक्त पहिल्या जागेचे आकडे. तिथे पोहोचल्यावर दुसरीचे मिळतात, दुसरीकडे तिसरीचे, आणि वहीचा डबा अगदी शेवटी. आकडे अंश आणि मिनिटांत असतात, मिनिटाचेही हजार भाग केलेले. अक्षांशाचा असा एक भाग म्हणजे कुठेही गेलात तरी जवळजवळ एक मीटर पंचाऐंशी सेंटीमीटर. रेखांशाचा मात्र पोर्टलंडला सव्वा मीटर भरतो आणि बेळगावात पावणेदोन, कारण ध्रुवाकडे जावे तसतशा या रेषा एकमेकींजवळ येतात. हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते, पण खरे पटले ते ओढ्याकाठी उभे राहिल्यावर.

तो ओढा म्हणजे पोर्टलंड शहरातला बाल्च क्रीक. माझे मामा तिथे असतात. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले होते. शहराच्या अंगालाच फॉरेस्ट पार्क नावाचे पाच हजार एकरांहून मोठे रान आहे. त्याच्या एका घळीतून हा ओढा उड्या मारीत खाली येतो आणि थर्मन स्ट्रीटच्या उंच पुलापाशी चक्क एका नळात शिरून शहराच्या पोटात नाहीसा होतो. आमचा पहिला टप्पा तिथेच होता. बोटभर लांबीची डबी आणि तिच्यात गुंडाळलेली कागदाची पट्टी. पुढे पायवाट ओढ्याच्या काठाकाठाने चढते. दोन्ही बाजूंना डग्लस फरचे प्रचंड वृक्ष, खाली नेच्यांचे रान, आणि भर दुपारी संध्याकाळ वाटावी असा उजेड.

दुसऱ्या टप्प्यावर डबी नव्हतीच. एका लाकडी साकवाचे खांब मोजायचे आणि ती संख्या पुढच्या आकड्यांत मिळवायची. तिसरा टप्पा सव्वा-दीड किलोमीटरवरच्या दगडी घरापाशी. छप्पर उडालेले, भिंती शेवाळलेल्या. पोरे त्याला चेटकिणीचा किल्ला म्हणतात. मीही भारावून पाहत होते, तोच मामांनी सांगितले की १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेले हे सार्वजनिक शौचालय आहे. १९६२ च्या वादळात त्याचे पाणी तुटले आणि मग ते ओसाड पडले. कोडे त्याच्या खिडक्यांवर रचले होते. रचणाऱ्याचा उद्देश उघड होता. एरवी एक फोटो काढून पुढे गेलो असतो. इथे चारही बाजूंनी फिरून ती इमारत नीट पाहावी लागली.

"यंत्र जागा दाखवते, मग माणसाने करायचे काय?" असे माझी एक मैत्रीण म्हणते. तिला त्या घळीत नेऊन उभे करायला हवे. यंत्राला निदान चार उपग्रहांचे संकेत लागतात. घळीत आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते, ओली पाने संकेत अडवतात आणि कडे ते परतवतात. शेवटच्या टप्प्यावर मोबाइलमधला बाण कधी ओढ्यापलीकडे दाखवी, कधी आमच्या पाठीमागे. "बाणाकडे बघत चालू नकोस ग, पडशील की," असे मामा दोनदा ओरडले. शेवटी मोबाइल खिशात घातला आणि विचार केला, की लपवणारा इथे उभा असता तर त्याने कुठे लपवले असते? पडलेल्या एका ओंडक्याच्या पोटाशी सालीचे तुकडे जरा जास्तच व्यवस्थित रचलेले दिसले. तेवढ्यात कुत्रा घेऊन एक बाई आल्या. खेळात नसलेल्या माणसाला हे लोक हॅरी पॉटरमधल्या शब्दाने 'मगल' म्हणतात, आणि मगलसमोर डबा काढायचा नसतो. मामा बुटाची नाडी बांधू लागले. ती बांधायला त्यांना बाई दिसेनाशा होईपर्यंतचा वेळ लागला.

वस्तू घेतली तर तोलामोलाची दुसरी ठेवायची, असा रिवाज आहे. मामींनी डब्यात ठेवायला म्हणून कुंदा देऊ केला होता. तो नियमामुळे आमच्याच पोटात गेला. मी बेळगावच्या सिटी बसचे तिकीट ठेवले आणि एक निळी गोटी घेतली.

आता मतभेदाचा मुद्दा. हा खेळ निसर्गप्रेमी आहे असे त्याचे भक्त सांगतात, ते मला सरसकट मान्य नाही. बाण सरळ रेषेत दाखवतो आणि पायवाट वळसे घेते. म्हणून माणसे उतारावरून आडवी उतरतात, काठ ढासळतो, माती पाण्यात जाते. बाल्च क्रीकमध्ये ट्राउट मासे आहेत, त्यांना गढूळ पाणी मानवत नाही. खड्डा खणून डबा पुरायला मनाई आहे हे ठीक, पण त्याने तुडवणे थांबत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांतही परवानगीवाचून डबे ठेवता येत नाहीत. यावर २००४ साली तिथल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेने चांगला तोडगा काढला. डबा नाहीच, खडक, धबधबा वा दरी पाहायची आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. टप्प्यांच्या खेळाचा मोठा गुण मला इथे दिसतो. मधले सगळे टप्पे मुळात तिथे असलेल्या वस्तूंवर, खांबांवर, पायऱ्यांवर, शिलालेखांवर रचता येतात. डबा लागतो तो एकच, आणि तोही वाटेच्या हाताशी ठेवता येतो.

म्हणूनच, आपल्याकडे हा खेळ आणायचा तर भीमगडच्या रानात डबे ठेवून नव्हे. ते २०११ पासून अभयारण्य आहे आणि तिथल्या वटवाघळांना आपल्या वह्यांची गरज नाही. गावातला व्हॅक्सिन डेपोचा झाडोरा काय वाईट आहे? रीतसर परवानगी घ्यावी, पाच-सहा टप्पे रचावेत आणि ते आलटून पालटून रचावेत. पहिल्याची खूण कन्नडमध्ये, आकडेही कन्नड अंकांत. दुसऱ्याची मराठीत, देवनागरी अंकांत. चार जणांचा गट केला आणि चौघेही एकाच विभागाचे निघाले, तर तो दुसऱ्या टप्प्यापुढे सरकायचा नाही. आपल्या कॅन्टीनमध्ये मराठी बाके आणि कन्नड बाके कोणती हे नव्या विद्यार्थ्याला आठवड्याभरात कळते, कोणी सांगावे लागत नाही. त्या बाकांवर परिसंवाद पुष्कळ झाले. भाषणे ऐकायला एकमेकांची गरज लागत नाही. इथे ओढा म्हणणाऱ्याला हळ्ळ म्हणणारा बरोबर घ्यावाच लागेल.

"डबा चोरीला जाईल," हा शेवटचा आक्षेप. जाईल कदाचित, डबे अमेरिकेतही गहाळ होतात. लपवणाऱ्याने महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारायची, वही भिजली तर बदलायची, डबा गेला तर दुसरा ठेवायचा. हे काम मी पत्करते. मराठी खुणाही लिहिते. परवानगीचा अर्ज मात्र कन्नडमध्ये द्यावा लागेल आणि माझे कन्नड बस कंडक्टरशी बोलण्यापुरते आहे. या अंकाच्या पलीकडच्या पानांवर लिहिणाऱ्यांपैकी कोणी तयार असेल तर त्याने किंवा तिने आपले नाव संपादकांकडे द्यावे.