रॅमकुंडावर पर्वणी!

मंडे मॉर्निंगला एक्सेल उघडेपर्यंत चहा संपतो? नव्या पीसीसाठी बॉसकडे जाण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. १९९६च्या विंडोज एनटी ४.० पासून पहाऱ्यावर असलेला टास्क मॅनेजर हजर! 'मेमरी'वर क्लिक केलं, की खादाड मंडळी वर येतात. पर्वणीला रामकुंडावर होते तशी गर्दी रॅममध्ये बहुतेकदा ब्राउझरच्या चाळीस टॅब्जनीच केलेली असते. 'डिटेल्स'मध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के सीपीयू खाताना दिसली तर घाबरू नका, तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे राव! 'डिस्क' मात्र सारखी १०० टक्क्यांवर अडकत असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी टाका. नव्या पीसीपेक्षा कितीतरी स्वस्तात सुटाल. आणि हो, 'एंड टास्क'आधी फाइल सेव्ह करा. तो विचारेलच असं नाही.