ताराराणीवरचा जुना आरोप

येडगावाहून पुण्याला निघालं, की नारायणगाव, मंचर करत गाडी खेडला भीमा ओलांडते. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी याच खेडच्या रानात मराठ्यांच्या दोन फौजा एकमेकींवर उठल्या. एक शाहू महाराजांची, दुसरी ताराराणीची. शिवनेरीच्या आसऱ्याचा हा मुलूख, इथं इतिहासाच्या व्याख्यानांना तोटा नाही. त्यात एक वाक्य हमखास कानी पडतं : ताराबाईनं पोराच्या गादीपायी राज्य फोडलं.

राज्य होतं कुठं फोडायला? मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, तेव्हा साताऱ्याला खुद्द औरंगजेबाचा वेढा होता. राजारामांची राणी, हंबीरराव मोहित्यांच्या या पंचविशीतल्या लेकीनं आपल्या लहानग्या मुलाला, शिवाजीला गादीवर बसवलं आणि सात वर्षं लढाई चालवली. बादशहानं किल्ले घ्यावेत, मराठ्यांनी ते परत घ्यावेत, वर माळवा-गुजरातेत घुसून त्याचाच मुलूख लुटावा. खाफीखान तर मोगलांचा इतिहासकार, पण तिची हुशारी त्यालाही नाकारता आली नाही. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरला मेला, तो दख्खन न जिंकताच.

लगेच त्याचा मुलगा आझमशहानं मोगलांच्या कैदेतल्या शाहूंना सोडलं. कनवाळूपणानं? मग त्यांच्या आई येसूबाईंना १७१९ पर्यंत ओलीस का ठेवलं? दिल्लीच्या तख्तासाठी उत्तरेत जाताना मागं मराठे आपसांत झुंजत राहावेत, हा साधा हिशेब होता. थोरल्या पातीचा वारस म्हणून शाहूंचा हक्क भक्कम होता, हे मान्यच. पण यादवीची काडी मोगल छावणीत ओढली गेली, ती राणीच्या पदरात का टाकता?

‘सरदारच तिला सोडून गेले,’ हा दुसरा आक्षेप. तिनं सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्याचं बखरी सांगतात. तरी खेडला धनाजी जाधव शाहूंना मिळाले, परशुरामपंत प्रतिनिधी तेवढे लढले. वतनासाठी वाऱ्याची दिशा पाहणाऱ्यांचा दोष तिच्या माथी मारणं सोयीचं आहे, एवढंच; दोष हरणाऱ्यालाच लागतो. यादवीतून अमेरिका एकसंध राखली म्हणून आपण लिंकनला मोठा म्हणतो, आणि तो होताच. पण त्याच्यामागे रेल्वे होती, कारखाने होते. हरला असता, तर देश फोडल्याचं खापर त्याच्यावरही फुटलं असतं.

तिचं सगळंच गोड मानून घ्या, असं माझं म्हणणं नाही. १७५० मध्ये तिनं, आपणच नातू म्हणून पुढं आणलेल्या साताऱ्याच्या रामराजाला कैद केलं आणि पुढं जेजुरीला तो आपला नातूच नव्हे म्हणून शपथ घेतली. लढाईत राज्य तारणारा हट्ट म्हातारपणी नुसता हट्टच उरला. त्यासाठी तिला जरूर धारेवर धरा. १७०७ साठी नको. साताऱ्याची गादी इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केली. तिनं मांडलेलं कोल्हापूरचं राज्य १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं.