'जास्त' दिसलं की बेरीज?

"कच्च्या मुलाला शाब्दिक उदाहरणांत अडकवू नका, आधी युक्त्या द्या, समज मागाहून येईल." हा सल्ला शिकवण्यांच्या बाजारात सर्रास मिळतो. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, प्रमाण आलं की तिरकस गुणाकार. मूल घाबरलेलं, परीक्षा तोंडावर. त्यामुळे सल्ल्यामागची कळकळ मला कळते. सल्ला मात्र मुलाला बुडवणारा आहे.

राधाकडे 12 बोरं आहेत. ती सलमाच्या बोरांपेक्षा 5 ने जास्त आहेत. सलमाकडे किती? युक्तीवालं मूल 'जास्त' शब्द हेरतं आणि 17 लिहून मोकळं होतं. 6 मजूर एक काम 10 दिवसांत करतात, तर 12 मजूर किती दिवसांत? तिरकस गुणाकार केला की उत्तर 20. माणसं दुप्पट आणि वेळही दुप्पट! गवंड्याच्या पोराला हे तोंडी विचारा, ते हसेल. वहीत तेच पोर 20 लिहितं, कारण वहीत विचार करायचा नसतो हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी व्यस्त त्रैराशिक वेगळं काढून सांगितलं आहे: इच्छा (विचारलेली राशी) वाढली की फळ (उत्तर) घटतं, अशा जागी ते लावायचं. जनावराचं वय आणि किंमत, सोन्याचा कस आणि वजन, ही त्यांची उदाहरणं. म्हणजे आधी व्यवहार पाहायचा, मग रीत निवडायची.

त्याच ग्रंथातला भुंग्यांचा थवा घ्या. पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा शिलींध्रावर, या दोन हिश्शांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर. एक भुंगा हवेत घोटाळत राहिला. थवा केवढा? 'क्ष' न शिकलेलं मूलही हे सोडवतं. 30 धरून बघा: 6, 10 आणि 12 गेले, उरले 2. आपल्याला उरायला हवा 1, म्हणून थवा 15 चा. याला इष्टकर्म म्हणतात. असे दोन-चार थवे मोजले की मुलालाच वाटतं, दर वेळी नवा आकडा धरण्यापेक्षा एक अक्षर का धरू नये? तिथे समीकरण जन्माला येतं. उलट आपण सुरुवात करतो "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" या मंत्राने. दोन्ही बाजूंतून सारखंच वजा केलं, तराजू समतोल राहिला, एवढी साधी गोष्ट त्या मंत्राखाली गाडली जाते.

"पण ही तर भाषेची परीक्षा झाली," असा शेवटचा आक्षेप येतो. झाली तर झाली. 'पेक्षा' कोणाला चिकटलाय हे न कळता वजाबाकी येऊन करायचं काय? सरावाला माझा विरोध नाही. पाढे पाठ हवेतच. फक्त उदाहरण हातात आल्यावर पहिली दोन मिनिटं पेन्सिल खाली ठेवू द्या आणि, मजुरांचं उदाहरण असेल तर, एवढंच विचारा: उत्तर 10 हून मोठं येईल की लहान?