स्वातंत्र्य कोणाचे, इतिहास कोणाचा?

परकी सत्ता गेली की जनता स्वतंत्र झाली, हे समीकरण इतके सोपे आहे की ते खरे मानण्याचा मोह कोणासही व्हावा. व्हिएतनाममधील अराज्यवादी वळणाच्या विचारवंतांनी नेमके याच समीकरणावर बोट ठेवले. ही मंडळी संख्येने अल्प होती. परंतु म्हणून त्यांचा प्रश्नही अल्प ठरत नाही.

अराज्यवाद म्हणजे बेबंदशाही नव्हे. राज्ययंत्र कोणाच्याही हाती गेले तरी हुकूम वरूनच सुटतो आणि खालच्यांनी तो झेलावयाचा असतो. यास्तव श्रमिकांनी आपला कारभार आपणच पाहावा, हा त्या विचाराचा गाभा होय. ‘राजाचा कायदा गावच्या रिवाजापुढे हरतो’ अशी व्हिएतनाममध्ये जुनी म्हण आहे. अर्थात् तो रिवाजही गावच्या बड्या धेंडांच्याच मुठीत असे, हे विसरून चालणार नाही.

न्गुएन आन निन्ह याने 1923 साली सायगॉनमध्ये ‘ला क्लोश फेले’ म्हणजे ‘फुटकी घंटा’ हे पत्र काढून फ्रेंच सत्तेस आव्हान दिले. त्याच्या विचारांवर अराज्यवादाची छाया होती. वारंवार तुरुंगवास भोगून तो 1943 साली कोन दाओ बेटावरील कारागृहात मरण पावला.

त्याच परंपरेतला पुढचा साक्षीदार न्गो वान. 1936 साली फ्रेंच पोलिसांनी त्याला पकडून त्याचा छळ केला. 1945 च्या सप्टेंबरात ब्रिटिश सेनापती ग्रेसी याने सायगॉनमध्ये फ्रेंचांस पुन्हा बसविले, तेव्हा त्याच्या हाताखाली हिंदी सैनिक होते. त्यांच्या या वापराचा पंडित नेहरूंनी निषेध केला होता. परंतु न्गो वानच्या सोबत्यांवर घाव दोहोंकडून पडले. त्यांचा पुढारी ता थू थाऊ याला त्याच महिन्यात व्हिएत मिन्हने ठार केले. उत्तरेकडील होन गाय–काम फा येथील 30,000 खाणकामगारांनी आपली मंडळे निवडून खाणी स्वतः चालविल्या आणि काही महिन्यांतच नव्या सरकारने तो कारभार मोडला, असे न्गो वान नोंदवितो. 1948 साली तो फ्रान्सला गेला, कारखान्यांत राबला आणि 1995 साली त्याने या पराभूतांचा इतिहास प्रसिद्ध केला.

यावर कोणी विचारील, पोलादी संघटनेवाचून 1954 साली दिएन बिएन फू येथे विजय मिळाला असता काय? आक्षेप वजनदार आहे, आणि त्या रणांगणावरील बलिदानास कमीपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या पोलादाने शत्रूस नमविले, तेच पुढे भूसुधारणेच्या नावाखाली निरपराध शेतकऱ्यांच्या मानेवर पडले. 1956 साली पक्षालाच चुका कबूल कराव्या लागल्या आणि त्रुओंग चिन्ह यांना सरचिटणीसपद सोडावे लागले. चूक कळण्यापूर्वीच ती सांगू शकणारी तोंडे बंद केलेली असली, म्हणजे याहून निराळे काय घडणार?

आम्ही राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्यांपैकी नाही. रस्ता, न्याय आणि दुष्काळातील धान्य यांसाठी राज्य लागतेच. परंतु जे राज्य आपल्या पराभूत सोबत्यांची नावे इतिहासातून पुसते, ते उद्या जिवंत प्रजेचा आवाजही पुसू शकते. व्हिएतनाममध्ये आजही एकाच पक्षाची सत्ता आहे. त्या फुटक्या घंटेचा नाद म्हणूनच अजून शिळा झालेला नाही. झेंडा कोणाचा, हा स्वातंत्र्याचा पहिला प्रश्न होय; झेंड्याखाली उभ्या असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येते काय, हा त्याचा शेवटचा.