वर्तुळे कोणाच्या मालकीची?

दहावीचा भूमितीचा पेपर देऊन घरी आले त्या दुपारी मी कंपासपेटी माळ्यावर टाकली आणि आईला म्हणाले, "सुटले एकदाची!" कलाशाखेला येण्यामागे साहित्याची ओढ होती हे खरे, पण गणितापासून पळ काढण्याची घाईही तितकीच होती. आपल्यापैकी अनेकांची हीच कथा असावी. आज मात्र मला वाटते की ती सुटका नव्हती, ते नुकसान होते. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

तत्त्वज्ञानाच्या तासाला देकार्त शिकताना बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ भेटते. राज्य गमावलेल्या घराण्यातली, हॉलंडमध्ये आश्रयाला राहिलेली चोवीस वर्षांची तरुणी. शरीर नसलेले मन शरीराला हलवते तरी कसे, हा तिने १६४३ साली देकार्तला विचारलेला प्रश्न आपण परीक्षेत लिहितो. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात देकार्तने तिला भूमितीचा एक प्रश्न घातला होता आणि तिने तो स्वतः सोडवायला घेतला होता, हे आपल्या नोट्समध्ये येत नाही. प्रश्न मूळचा अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाचा: तीन वर्तुळे दिली आहेत, तिन्हींना स्पर्श करणारे वर्तुळ काढा. या पत्रव्यवहारातच देकार्तने एकमेकांना स्पर्श करणाऱ्या चार वर्तुळांच्या त्रिज्यांमधला संबंध मांडला.

हे वाचले आणि मी कंपासपेटी माळ्यावरून खाली काढली. वाचकांनीही एक कोरा कागद घ्यावा. ६ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा व त्याचा आडवा व्यास आखा. त्या व्यासावर ३ सें.मी. त्रिज्येची दोन वर्तुळे शेजारी शेजारी बसवा. वर जी पोकळी उरते तिच्यात बरोबर २ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ बसते. त्याचे केंद्र मोठ्या वर्तुळाच्या केंद्राच्या सरळ वर ४ सें.मी.वर येते. आता हे नवे वर्तुळ, डावे वर्तुळ आणि बाहेरचे वर्तुळ यांच्यामधली फट पाहा. तिथे बसते बरोबर १ सें.मी. त्रिज्येचे, त्याचे केंद्र डाव्या वर्तुळाच्या केंद्रावर सरळ ४ सें.मी. सहा, तीन, दोन, एक! शिवाय बाहेरचे, डावे, दोनचे आणि एकचे अशा चार वर्तुळांची केंद्रे जोडली तर ३ व ४ बाजूंचा आयत होतो आणि त्याचा कर्ण ५. दहावीत घोकलेला पायथागोरस असा अचानक समोर उभा राहिला, तेव्हा मला कोणी गुण देणार नव्हते. तरीही मी खुर्चीवरून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या!

हा योगायोग नव्हे. उजव्या वर्तुळापासून निघून ही वर्तुळे डाव्या व बाहेरच्या वर्तुळांमधून एका साखळीने वर चढत जातात. चौथ्या शतकातल्या पॅपसने या साखळीचा नियम नोंदवून ठेवला आहे: पहिल्या वर्तुळाचे केंद्र व्यासरेषेपासून त्याच्या व्यासाइतके उंच, दुसऱ्याचे त्याच्या व्यासाच्या दुप्पट, तिसऱ्याचे तिप्पट. आपल्या आकृतीत ते पडताळून पाहावे.

असे का होते? उत्तर देणाऱ्या युक्तीला 'इन्व्हर्जन' म्हणतात. व्यस्त प्रमाण आपण शाळेत शिकलो; ही त्याचीच आकृती आहे. बाहेरचे आणि डावे वर्तुळ डावीकडे ज्या बिंदूत एकमेकांना टेकतात तिथे उभे राहा. तिथून जो बिंदू ६ सें.मी.वर आहे त्याला त्याच दिशेने २४ वर न्या, जो २४ वर आहे त्याला ६ वर आणा. दोन्ही अंतरांचा गुणाकार नेहमी १४४ राहिला पाहिजे. जवळचे दूर जाते, दूरचे जवळ येते. या उलटापालटीत आपण उभे असलेल्या बिंदूतून जाणारी वर्तुळे सरळ रेषा होतात, बाकीची वर्तुळे वर्तुळेच राहतात आणि इतरत्र जे एकमेकांना स्पर्श करत होते ते स्पर्श करतच राहते. म्हणून बाहेरचे व डावे वर्तुळ दोन समांतर रेषा होतात आणि लहान लहान होत जाणारी ती साखळी म्हणजे त्या रेषांमध्ये एकावर एक रचलेली सारख्या आकाराची वर्तुळे! तिथे पॅपसचा नियम मोजायचीही गरज नाही, तो डोळ्यांना दिसतो. आणि प्रत्येक वर्तुळ आणि त्याची प्रतिमा आपल्या बिंदूपासून पाहता एकाच प्रमाणात लहानमोठी झालेली असल्यामुळे उंची व व्यास यांचे गुणोत्तर बदलत नाही. नियम मूळ आकृतीतही तसाच लागू.

अवघड प्रश्न सोडवला गेला तो आकडेमोडीने नव्हे. कुठे उभे राहून पाहायचे हे ठरवल्याने. हे कसब साहित्याच्या विद्यार्थ्याला परके आहे काय?

कोणी म्हणेल, "हे विज्ञानशाखेचे काम, आपल्याला त्याचा उपयोग काय?" उपयोगाच्याच हिशोबाने चालायचे तर कवितेचा तास आधी बंद करावा लागेल! आणि ही वर्तुळे एका शाखेच्या मालकीची कधीच नव्हती. देकार्तचा नियम पुन्हा शोधून काढणारा फ्रेडरिक सॉडी रसायनशास्त्राचा नोबेल विजेता. त्याने १९३६ साली 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात तो चक्क कवितेत लिहून छापला. जपानमध्ये एदो काळात भूमितीची प्रमेये रंगीत आकृत्यांसह लाकडी फळ्यांवर काढून देवळांत टांगत. टांगणाऱ्यांत सामुराई होते, व्यापारी होते, शेतकरीही होते. सॉडीने १९३७ मध्ये मांडलेला सहा गोलांच्या साखळीचा सिद्धांत १८२२ सालच्या अशा एका फळीवर आधीच होता.

विषय जुना, संपलेला आहे असेही समजू नये. अशा वर्तुळांच्या जाळीत कोणते पूर्णांक येतात याविषयी गणितज्ञ वर्षानुवर्षे एक अनुमान खरे धरून चालले होते. २०२३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात समर हाग व क्लाइड कर्ट्झर हे दोन विद्यार्थी आपल्या मार्गदर्शकांबरोबर संगणकावर आकडे तपासत बसले आणि ते अनुमान चुकीचे निघाले. ती मुले आपल्याच वयाची.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आपल्या कॉलेजच्या भित्तिपत्रकावर कविता, व्यंगचित्रे आणि विचारधन यांच्या शेजारी एक कोपरा आकृतीसाठी राखून ठेवावा. दर पंधरवड्याला एक प्रश्न, खाली नाव असो वा नसो. गुण नाहीत, बक्षीस नाही. प्राध्यापकांनीही जाता-येता तिथे क्षणभर थांबावे, मग ते इतिहासाचे असोत वा मराठीचे.

सोळाव्या वर्षी एका फॉर्मवर खूण करून आपण अर्धे जग दुसऱ्यांच्या हवाली केले. ते परत मागायला पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. माळ्यावरची कंपासपेटी खाली काढावी लागते, एवढेच.

— तृतीय वर्ष कला (तत्त्वज्ञान)